दरफाळणीचे दार

अमरावती, शुक्रवार, ता. ७ ऑक्टोबर १८६४. दुपारचे चार. कापसाच्या काट्याची वजने पुसून ठेवली आणि लिहायला बसलो.

ती. बाबांस इसाजीचा सलाम. वि. वि. दरफाळणीचा, दार लावून धरायचा उपास सोमवारी आहे, हे ध्यानात आहे. रविवारी दिवस मावळायच्या आत येतो. आपण दार लावाल तेव्हा मी आत असेन. त्यासाठी उद्या शनिवारी शब्बाथ मोडून गाडीत बसावे लागेल, याची क्षमा असावी. मालक चंद्रभानशेठ आज सोडत नाहीत. म्हणाले, "तुहा देव दोन दिवस थांबते, कापूस नाही थांबत." बुधवारी सकाळी काट्यावर नसलो तर जागा दुसऱ्याची.

आणखी एक, समोर बोलवत नाही म्हणून लिहितो. तेलाच्या घाण्यावर परत येण्याचा माझा विचार नाही. रेवदंड्याचा घाणा मोडून आपण अकोल्यास निघालात तेव्हा आजोबा महिनाभर बोलले नव्हते, असे आई सांगते. तेवढे आठवून रागवावे.

आईस सलाम. लेकरावरची माया कमी न व्हावी.

—

अमरावती, बुधवार, ता. १२. सकाळचे सात. काटा सुरू व्हायला अर्धा तास आहे.

ती. बाबांस सलाम. वि. वि. मूर्तिजापुराजवळ गाडीचा आस मोडला. घरी पोचलो तेव्हा चांदण्या उगवल्या होत्या आणि दार लागले होते. एकदा लागले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कोणालाच उघडत नाही, हे लहानपणापासून पाहतो आहे. तरी एकदा कडी वाजवली, ती चूक झाली.

मग ओसरीवरच पांढरी टोपी घालून उपास धरला. सकाळी शेजारच्या पार्बताबाई दसऱ्याच्या पुरणपोळ्या घेऊन आल्या. मी खाईना, तेव्हा म्हणाल्या, "तुह्या बापानं तुले घराबाहीर काढलं का रे?" चारला परतीची गाडी होती, निघालो. पाणी वाटेत चांदण्या पाहूनच प्यालो.

दार रिवाजाने बंद होते की माझ्या पत्राने, एवढे कळवावे. रागासोबत लोभही असू द्यावा.

—

अकोला, शुक्रवार, ता. १४.

चि. इसाजीस एलोजीचा आशीर्वाद. दार रिवाजाने लागले. तुझ्या पत्राचा राग आला होता, तो वेगळा. दिवस बुडाला तरी मी ओसरीवर उभा होतो. शेवटी तुझ्या आईनेच आत ओढले. दार लावायला असा उशीर माझ्या बापाने केला नसता.

कडी वाजली तेव्हा उठलो होतो. दाराच्या आडण्याला हात लावला आणि मागे घेतला. मग तिथेच दाराला पाठ लावून दिवसभर बसलो. तुझा खोकला ऐकू येत होता. माझा तुला आला नसेल, मी दाबत होतो. चारनंतर खोकला थांबला. झोप लागली असेल, असे आई म्हणाली. दार उघडले तर ओसरी रिकामी.

पार्बताबाईस सांगितले, काढले नाही, उशिरा आला.

घाण्यावर गडी ठेवला आहे. बैलाशी नीट वागतो. तुझी टोपी ओसरीवर राहिली. आईने धुऊन ठेवली आहे. ती पाठवत नाही. पुढच्या दरफाळणीला एक दिवस आधी निघावे आणि आत बसून घालावी.