सगळ्यात जाड तार

प्रणिता,

आईच्या कानातल्या मशीनचे सेल आणायला गेलो आणि बेस गिटार घेऊन आलो. एक बँजो पार्टीवाला सामान विकत होता, नऊशेत दिली. मला वाजवता येत नाही, माहितेय. तुझी बोलणी संध्याकाळी खाईन.

पण आधी हे वाच. आईने सहज लाकडावर हात ठेवला आणि मी सगळ्यात जाड तार छेडली. ती दचकली. मग गाल टेकवून, डोळे मिटून भजन म्हणायला लागली. मशीन नसताना, अगदी त्या तारेच्या सुरात! कान गेल्यापासून ती गायलीच नव्हती गं.

सेल आणायला परत संगमनेरला चाललोय. आलीस की तिच्याशी ओरडून बोलू नकोस. तिचा हात लाकडावर ठेव, तार छेड आणि गप्प बसून ऐक.

अनीश