न शिजणारा राजमा

प्रिय ताईस,

तुझा उजवा गुडघा वगळून बाकी सगळ्या तुला साष्टांग नमस्कार. (गुडघ्यावर माझा राग आहे, त्याच्यापायी तुझं इकडे येणं बंद झालं.) भावोजींचा खोकला काय म्हणतो? त्यांनी औषध बदललं, की या वेळीही नुसता डॉक्टर बदलला? मी ठणठणीत आहे. म्हणजे तसा नाही, आणि त्याचीच ही हकिकत.

झालं असं, की डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा कागद वाचला आणि चष्म्यावरून असं पाहिलं, की मी नकळत उभाच राहिलो. पांढरा पाव बंद, बिस्किटं बंद. यापुढे अख्खी धान्यं आणि कडधान्यं. ही गेल्यापासूनची चार वर्षं मी पाव-बिस्किटांवरच काढली, हे तुला ठाऊक नव्हतं (आता झालं, ओरडू नकोस). लेकीने फोनवर समजावलं, 'भिजवा, धुवा, शिजवा.' पस्तीस वर्षं लोकांची घड्याळं खोलून परत जोडणाऱ्या माणसाला तीन शब्द जड का जावेत?

फळीवर मागे हिचा एक डबा होता. वर चिठ्ठी, हिच्या अक्षरात: राजमा. तो मी कधी उघडला नव्हता. का, ते विचारू नकोस. त्या दिवशी उघडला आणि सगळाच्या सगळा भिजत घातला. सकाळी बघतो तर तो पातेल्यातून उतू चाललेला! मी तो दुसऱ्या पातेल्यात घातला, मग जगमध्ये, शेवटी दाढीच्या मगात (घासून घेतला होता). जागा वाया जाऊ नये म्हणून कुकर गळ्यापर्यंत भरला आणि घड्याळ लावून समोर बसलो. शिट्टी काही होईना. शिट्टीत एक साल अडकलं होतं, हे मला नंतर कळलं. कुकरला आधी कळलं. वरचा व्हॉल्व्ह उडाला, तपकिरी फेसाचं कारंजं छताला लागलं, आणि मी टेबलाखाली गेलो.

दार वाजलं आणि आपोआप उघडलंही (कडी लावायची राहिली होती). खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई! जन्म 'शांतता राखा' या पाटीखाली गेलेला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग मला बाहेर काढलं. कुकर निवल्यावर एक दाणा बोटांत दाबून पाहिला. दाणा दबला नाही.

"हा राजमा कधीचा?"

"घरातलाच आहे," मी म्हणालो.

"घर कधीचं आहे ते नाही विचारलं."

मी सांगितलं. मग डब्यावरची चिठ्ठी दाखवली.

"इतका जुना राजमा दिवसभर शिजवलात तरी असाच राहील," त्या हळूच म्हणाल्या. "तो टाकून द्या. डबा मात्र ठेवा."

आणि त्यांनी तो डबा स्वतः घासला, चिठ्ठीला पाण्याचा थेंबही लागू न देता. ताई, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी त्या मला शिकवायला वर येतात. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही, भिजवलेलं पाणी फेकायचं, हे मला आता पाठ आहे. जवाचं सूप केलं तेव्हा जवाने सगळं पाणी पिऊन टाकलं आणि सूप सुरीने कापावं लागलं. तरी त्यांनी दोन तुकडे खाल्ले. मसूर मात्र मला जमतो. रक्ताचा कागदही सुधारलाय.

भावोजींना नमस्कार, गुडघ्याला दम.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं लग्नाची नोंदणी करतोय. मी सरळ मागणी घातली, त्यांनी होकार दिला. लेकीला तेवढं तू सांग. मला कडधान्यांपलीकडे तिच्याशी बोलायला धीर होत नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र त्यांना वाचायला दिलं. सहा शब्द दुरुस्त करून त्या म्हणाल्या, मागणी त्यांनी घातली होती. मी आमटीचा डाव हातात धरून नुसता 'बरं' म्हणालो होतो. आणि लेकीला त्यांनी मंगळवारीच फोन करून सांगितलंय. ती गेली दोन वर्षं याचीच वाट बघत होती म्हणे. तेव्हा तू काही सांगू नकोस. नुसती ये.