एकशे अठ्ठाविसावा लॉट

प्रिय ललित,

तू फोन उचलत नाहीस. मामांच्या घरी केला तर मामी सांगतात की तू शेतावर गेला आहेस, आणि त्याच वेळी मागून तुझा खोकला मला स्पष्ट ऐकू येतो. म्हणून हे पत्र. भाईदासकाका उद्या सकाळी उधन्याहून भुसावळची गाडी धरतील आणि धरणगावला उतरून हे तुझ्या हातात देतील. तू शेवटपर्यंत वाचेपर्यंत समोरून हलू नका, असं मी त्यांना बजावलं आहे. सोमवारी सकाळी मिलमालक कांतिशेठ पोलिसांच्या सायबर शाखेत तुझ्याविरुद्ध तक्रार देणार आहेत. सूड म्हणून मिलचं सॉफ्टवेअर तू जाणूनबुजून बिघडवलंस, असा त्यांचा आरोप आहे. अशी तक्रार एकदा नोंदली गेली की सुरतेत कुठलीही मिल, कुठलीही कंपनी तुला संगणकासमोर बसू देणार नाही. हे तुला कळत नसेल असं मी मानत नाही. म्हणूनच तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मला कालपर्यंत लागत नव्हता.

शेठजींच्या बाजूने पाहिलं तर त्यांचा संशय अगदीच निराधार नाही, हे आधी कबूल करू. दिवाळीनंतर लाभपाचमीला सचिन गावच्या मिलमध्ये तुझ्या प्रोग्रॅमची पूजा झाली, संगणकाच्या पडद्यावर कुंकवाने स्वस्तिकाचा साथिया काढला, आणि शाल मात्र शेठजींच्या पुतण्याला मिळाली. तू दोन आठवडे कसेबसे काढलेस आणि मग सगळ्या रंगखात्यासमोर चाव्या टेबलावर टाकून म्हणालास, “आता माझ्याशिवाय चालवून दाखवा.” हे वाक्य तिथे आता प्रत्येकाला पाठ आहे. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी मशीनमधून निघणारं प्रत्येक कापड राणी रंगाचं निघू लागलं. पोपटी मागा, राणी. आकाशी मागा, राणी. मुंजीच्या धोतरांचं पांढरटसर पिवळं कापडसुद्धा राणी. मी शेठजींना भेटायला गेले तेव्हा ते आवाज न चढवता म्हणाले, “बेन, कम्प्युटरने गुस्सो नथी आवतो. माणसने आवे.” म्हणजे राग संगणकाला येत नाही, माणसालाच येतो. आई घरी एकच वाक्य घोकत बसली आहे, “मना पोऱ्या असा नई शे.” पण आईच्या खात्रीचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही.

तेव्हा पुरावा शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून रजा घेतली, पुतण्याकडून तुझा सगळा कोड मिळवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. डाइंग मास्तर लॉटचा, म्हणजे रंगवायच्या कापडाच्या खेपेचा, नंबर टाकतो, तुझा प्रोग्रॅम त्या नंबरची रेसिपी शोधतो आणि रंगांची मापं मशीनला देतो. रेसिपी सापडली नाही तर थांबण्याऐवजी तो आधीच्याच लॉटची रेसिपी पुढे चालवतो. हा निर्णय तुझा, तो मला मुळीच पसंत नाही, आणि तुझ्या व्हेरिएबलच्या नावांविषयी मी काही बोलतच नाही. पण तर्क म्हणून सगळं सरळ होतं. मी माझ्या संगणकावर लॉट एक, दोन, तीन असे दहापर्यंत चालवले. दहाही अचूक. पुन्हा चालवले, पुन्हा अचूक. कुठे लाल अक्षरांत त्रुटी यावी, प्रोग्रॅम कोसळावा, निदान अडखळावा, तर ते नाही. प्रोग्रॅम अचूक असल्याचं गणिताने सिद्ध करता येतं, या विषयावर मी डॉक्टरेट केली आहे, ललित. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, प्रोग्रॅम चुकीचा निघावा म्हणून मी देवासमोर हात जोडून उभी राहिले. कारण मी हे शेठजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तुमच्याकडे बरोबर चालतं ना? म्हणजे आमच्याकडे येऊन कुणीतरी हात लावला.” तुझ्या बाजूने आणलेला प्रत्येक पुरावा तुझ्याच विरोधात उभा राहत होता.

मग मी ते केलं, जे करणाऱ्यांना मी वर्गात बोलून घेते. इंटरनेटवर प्रोग्रॅमर मंडळी एकमेकांना अडचणी विचारतात, तिथे मी प्रश्न टाकला. मिलची पार्श्वभूमी, गृहीतकं, मी केलेल्या चाचण्या, सगळं नीट परिच्छेदांत. पहिलं उत्तर आलं, “मॅडम, कथा नको, कोड टाका.” दुसरं, “एरर काय येतो?” एरर येत नाही हीच तर अडचण आहे, असं मी सविस्तर लिहिलं, तर कुणीतरी प्रश्न अपुरा ठरवून बंदच करून टाकला. माझा प्रश्न! विद्यार्थ्यांच्या वह्यांवर मी जे शेरे मारते त्यांतला एकही इतका तुटक नसेल. त्या उत्तरांत एकाने मात्र लिहिलं होतं की सुरतेच्याच असाल तर पर्वत पाटियाला रविवारी आमचा जावा या संगणकभाषेचा ग्रुप जमतो, लॅपटॉप घेऊन या.

गेले. साड्यांच्या दुकानांवरच्या मजल्यावर एका कॉम्प्युटर क्लासची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि व्यापाऱ्यांची बिलं अन् स्टॉक सांभाळणारे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी. प्रत्येकाचं मत ठाम आणि प्रत्येकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा मोठा. एक म्हणाला, मेमरी. दुसरा म्हणाला, “अरे यार, दो थ्रेड लड रहे होंगे.” प्रदीप नावाच्या गृहस्थांनी तर कोड न बघताच, “पहिलं सगळं बंद करून चालू करा ना, ताई,” म्हणून सांगितलं, आणि तेच त्यांच्यात सर्वांत अनुभवी समजले जातात. मी उठण्याच्या बेतात होते. तेवढ्यात स्वप्ना नावाची, एका मोठ्या टीमची प्रमुख असलेली बाई माझा लॅपटॉप न विचारता स्वतःकडे ओढून म्हणाली, “मॅडम, मिलमध्ये बिघाड झाला तेव्हा लॉट नंबर किती चालू होता?” मी म्हटलं, “त्याने काय फरक पडतो? संख्या ती संख्या.” ती म्हणाली, “तुमच्या गणितात. जावात नाही. लाभपाचमीपासून नंबर नव्याने एकपासून ना? तुम्हीच म्हणालात, रोज आठ-दहा लॉट. म्हणजे दोन आठवड्यांत सव्वाशेच्या पुढे.” तिचं वाक्य संपायच्या आत सगळी खोली एका सुरात ओरडली, “एकसो सत्तावीस!” आणि हसू फुटलं. माझा चेहरा पाहून प्रदीपभाई म्हणाले, “रागावू नका ताई, ही थप्पड इथे प्रत्येकाने खाल्लीय. मी तर नोकरीसकट खाल्ली.”

तुला समजावून सांगते, कारण तुलाही हे ठाऊक नव्हतं याची मला आता खात्री आहे. तू लॉटचा नंबर साध्या आकड्यासारखा न ठेवता जावाच्या डबीत घालून ठेवलास. दोन नंबर जुळतात का हे विचारायला दोन बरोबरीची चिन्हं वापरलीस. ती चिन्हं आतला आकडा पाहत नाहीत. ही तीच डबी आहे का, एवढंच विचारतात. एकशे सत्तावीसपर्यंतच्या डब्या जावा आधीच तयार करून ठेवतो आणि प्रत्येक वेळी तीच हातात देतो, म्हणून उत्तर ‘हो’ येतं. एकशे अठ्ठावीसपासून तो दर वेळी नवी डबी बनवतो. आकडा तोच, डबी वेगळी, उत्तर ‘नाही’. रेसिपी सापडत नाही, आणि मशीन शेवटच्या जुळलेल्या लॉटचा रंग ओतत राहतं. एकशे सत्ताविसावा लॉट राणी रंगाचा होता. वैशाख-जेठात सुरू केलं असतंस तर नंबर हजारांत असते आणि पहिल्याच दिवशी हे उघडं पडलं असतं. शेठजींनी मुहूर्त पाहिला आणि दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. तू नेमका त्या दोन आठवड्यांनंतर भांडलास. बस्स, इतकंच घडलं आहे.

काल मी आणि स्वप्ना सचिनला गेलो. पूजेच्या दिवशी पुतण्याने प्रोग्रॅमची प्रत काढून ठेवली होती, तीच त्याच्या हाताने लावायला सांगितली. म्हणजे तुझ्या भांडणाआधीची, कुणीही न शिवलेली. शेठजींच्या डोळ्यांदेखत एकशे सत्तावीस टाकला: बरोबर. एकशे अठ्ठावीस टाकला: राणी. डाइंग मास्तर खुर्चीवरून उठलेच. स्वप्नाने ती एक ओळ दुरुस्त केली, पुन्हा टाकला, आणि पोपटीची मापं पडद्यावर आली. शेठजींनी ती मापं स्वतः वाचून पाहिली. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. तुझा मेसेज होता. “हो, मी मुद्दाम केलं. काय करायचं ते करा.” शेठजी म्हणाले, “बेन, तमारुं गणित साचुं. पण माणूस स्वतः लिहून देतो, त्याचं मी काय करू? त्याने समोर येऊन सांगावं, चूक झाली. सोमवारपर्यंत थांबतो.” ललित, तारीख पाहिली. मी तुला शेवटचा फोन केला त्याच दुपारचा तो मेसेज आहे. चूक सापडल्या सापडल्या मी फोनवर एवढंच विचारलं होतं की इतकी साधी चूक माझ्या भावाच्या हातून झालीच कशी. चुकलो म्हणण्यापेक्षा मुद्दाम केलं म्हणणं तुला सोपं वाटावं, असा तो प्रश्न होता; मी आता तो विचारत नाही. त्या कोडमधली ती ओळ मी तीनदा वाचली होती आणि तिन्ही वेळा तिच्यापुढे बरोबरची खूण केली होती. ती खूण केलेले कागद काकांजवळ पाठवते आहे; तूच पाहा. रविवारच्या गाडीने काकांबरोबर ये. सोमवारी मी तुझ्याबरोबर आत येईन. तू फक्त म्हण, चुकलो, मुद्दाम नाही केलं. शेठजी हसतील, पुतण्या नक्कीच हसेल. हसू देत. मी ते कागद त्याच टेबलावर ठेवून सांगेन की ही चूक मलाही दिसली नव्हती. आई आत्तापासूनच तुझी वाट पाहत फाटकाशी जाऊन उभी आहे, आणि काकांना निघायला अजून एक रात्र आहे, हे तिला पटत नाही. ये रे.

तुझीच,
गायत्रीताई