खाडीच्या चिखलात ताई

बाबा, तुम्ही गेलात त्याला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझा राग निवला असेल असं मला वाटत होतं, पण तसं काही झालेलं नाही. गेल्या पौषात मी आणि ताई पाठीवर पिशव्या घेऊन कोकणात समुद्राच्या कडेकडेनं चार दिवस पायी हिंडलो, आणि तिसऱ्या दिवशी एका खाडीच्या चिखलात तुम्ही मला पुन्हा भेटलात. ती भेट मला नको होती. आता महाल भागातल्या आपल्या घरी बसून लिहिते आहे. तुमचा फोटो मी समोरच्या खोलीतून काढून आत लावला आहे. ताईला ते आवडलं नाही. न आवडू दे.

ताई त्रेसष्टची झाली, मी साठीची. जन्मभर तिनं दवाखान्यात नर्सची नोकरी केली, दुसऱ्यांची आजारपणं काढली, आणि समुद्र काही पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर एवढं एकच तिनं माझ्याकडे मागितलं. म्हणाली, "मले समुद्र पाहाचा आहे, पण गाडीतून उतरून फोटो काढून परत नाही याचं. चालाचं आहे." तिच्या मुलानं दोन पिशव्या आणून दिल्या, आणि बाकीचं सगळं मी ठरवलं, कुणालाही न विचारता. न विचारणं हे तुमचं देणं. तुम्ही मोजणी खात्यातले, मौद्यापासून खाप्यापर्यंतची शेतं पायाखाली घातलेले. रस्ता विचारणाऱ्या माणसाची तुम्हाला कीव यायची. ज्याला डोळे आहेत त्याला तोंड कशाला लागतं, असं तुम्ही म्हणायचात आणि आम्ही दोघी माना डोलवायचो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ताईला तो लागला नाही, मला लागला.

तुम्ही तो रविवार विसरला असाल, मी विसरलेले नाही. मी आठ वर्षांची, ताई अकराची. तुम्ही आम्हाला एसटीनं खाप्याला नेलं आहे आणि कन्हान नदीच्या काठानं चालवता आहात. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला, काळ्या मातीचा नुसता लगदा झालेला. तुम्ही पुढे, तुमच्या मागे मी, आणि ताई नेहमीसारखी शेवटी. तिचे पाय सपाट होते, ती भरभर चालूच शकत नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही तिला लोढणं म्हणायचात. काठाच्या उतारावर ती गुडघ्यापर्यंत रुतते आणि हाक मारते. मी वळणार तेवढ्यात तुम्ही माझा खांदा धरता. "मागं पाहू नको वं. पाहिलं का ते रडते. नाही पाहिलं त निघते बरोबर." आपण चालत राहतो. ती निघाली, पण एक बूट चिखलात ठेवून, शाळेचा नवा बूट. स्टँडवर तुम्ही एकच आलूबोंडा घेतलात आणि माझ्या हातावर ठेवलात. तिला एका शब्दानं विचारलं नाही. मी तिच्यासमोर तो पूर्ण खाल्ला. घरी आईनं पाणी तापवून स्वयंपाकघराच्या मोरीत तिचे पाय धुतले आणि तुम्ही दारात उभं राहून बूट हरवल्याबद्दल तिला बोलत होतात. पाणी गार होईपर्यंत बोलत होतात. आईनं मान वर केली नाही, आणि त्याबद्दल मी आईलाही पुरतं माफ केलेलं नाही.

थंडीत कोकणात चिखल कुठला, असं इथे सगळे विचारतात. खाडीत तो बारा महिने असतो. त्या दिवशी दुपारी आम्ही खाडीपाशी पोचलो तर पाणी पार ओसरलेलं, मधे एक ओहोळ तेवढा, आणि पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर. होडी पलीकडे बांधलेली होती. काठावर एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसले होते. त्यांनी हात वर करून काहीतरी सांगितलं. मी रामराम केल्यासारखा हात वर केला आणि उतरले. आपल्या कन्हानला हिवाळ्यात पाणी एकदा उतरलं की ते उन्हाळाभर उतरतच जातं. पाणी म्हटलं की ते एका दिशेनं जाणार, हे माझ्या अंगात मुरलेलं. ते दिवसातून दोनदा परत येतं हे मी शाळेत भूगोलात पाठ केलं होतं, पण तिथे ते आठवलं नाही. ताई म्हणालीसुद्धा, "त्याह्यले विचारू ना जरा." मी म्हटलं, काही गरज नाही, समोर तर दिसतं आहे.

अर्ध्या वाटेत मी बरीच पुढे गेले होते. वारा होता. ताईची हाक आली तेव्हा ती मांडीपर्यंत चिखलात होती आणि पाठीवरच्या पिशवीच्या ओझ्यानं आणखी खाली जात होती. मी जागेवरूनच ओरडले, "रडू नको. ओढ पाय, निघते बरोबर." ती रडत नव्हतीच, बाबा. मग माझ्या पायाशी पाणी आलं. ओहोळ रुंद झाला होता आणि पाणी उलटं, आमच्याकडे येत होतं. ते कळल्यावर मी मागे धावले. तिचे हात धरून ओढायला लागले तशी मीही रुतले आणि तिच्या कमरेपर्यंत पाणी चढलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती मला सोडून जायला सांगत होती. आता माझ्यामुळे ही जाते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

जाळं विणणाऱ्या त्या गृहस्थांनी हाकाटी केली म्हणून चिखलातल्या शिवल्या, म्हणजे शिंपल्या, काढणारी एक बाई लाकडी फळी ओढत आली. तिनं मला आधी बाजूला केलं. "ओढू नको गो. तिका आडवी होऊ दे," ती म्हणाली. मग ताईच्या पाठीवरची पिशवी काढून तिच्याखाली सारली, तिला फळीवर उताणी निजवली आणि एकेक पाय हलवत मोकळा केला. मुलानं आणून दिलेली ती पिशवी भरतीत गेली. त्या बाईच्या अंगणात ताईचे पाय मी धुतले. ताई मधेच हसली. म्हणाली, "मले वाटलं बाबाच बोलून राहिले." मी तिच्या बोटांमधला चिखल काढत राहिले, तर वर तीच माझी समजूत काढायला लागली, की बाबा मनानं तसे नव्हते.

तुम्ही तसेच होतात. शेवटचे सात महिने तुमचे पाय गेले तेव्हा तुम्हाला काखेत धरून मोरीपर्यंत नेणारी तीच होती, तुमच्या पावलानं, न कंटाळता. मी तेव्हा पुण्यात, माझ्या कामात होते. तिला तुम्ही एकदा तरी बरं बोललात का? मी विचारलं तिला. ती म्हणाली, आठवत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची मेल्यावरही गेली नाही, ती माझ्याकडे राहायला आली. त्याचा राग मी कुणावर काढू?

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, वाचून झालं की फाडीन, कारण ताई रोज सकाळी इथे येते आणि टेबलावरचं काहीही उचलून वाचते. तिला मी सांगितलं आहे की खाडीत वाऱ्यामुळे तुझी पहिली हाक मला ऐकूच आली नाही. तिनं ते खरं मानलं. हाक मला ऐकू आली होती, बाबा. चांगली स्पष्ट आली होती. मी वळले नाही, तशीच चालत राहिले, आणि ती मागे पडली आहे याचं तेव्हा मला बरं वाटलं होतं.