बोंबलांचा डबा

रविवार संध्याकाळ. आत्ताच भुईगावहून आले.

रोझीच्या घरी मैत्रिणींना सिक्कीमचं वर्णन ऐकवणार होते. बर्फाचे डोंगर, एकाच गल्लीत नेपाळी, लेपचा, भुतिया... पण रोझीच्या आईला एकच काळजी, "माझे बोंबील खाल्ले का गं त्यांनी?"

जाताना मावशींनीच, म्हणजे रोझीच्या आईनेच, डबाभर सुके बोंबील दिले होते. वासाच्या भीतीने मी तो डबा चार पिशव्यांत गुंडाळून नेला! सिक्कीमला ज्यांच्याकडे उतरले होते त्या घरमालकीणबाईंनी तो उघडला, डोळे मिटून वास घेतला आणि लगेच टोमॅटो-मिरची घालून चटणीच वाटली. त्यांच्याकडेही सुक्या मासळीची चटणी होतेच. कसली लाज वाटत होती मला?

डोंगरांचे फोटो दाखवायला मोबाइल काढला, तोवर मावशींनी घरमालकीणबाईंनी माझ्याबरोबर परत पाठवलेला डबा उघडला. आत मोठे वेलदोडे!

"डबा रिकामा नाही पाठवला," मावशी खुलल्या. "आपल्यातलीच आहे गं ती."