सूनबाईची क्रियापदं

दि. ९ मार्च, रविवार सकाळ

चि. छोटू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, पण तब्येतीचं निमित्त सांगणार नाही. तब्येत ठणठणीत आहे. डावा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, ते चालायचंच. खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर निवृत्त झाले आणि दिवसभर घरात बसून बायकोला भाजी कशी चिरायची ते शिकवायला लागले. परवा तिने सुरीच त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून शांतता आहे.

फोन का करत नाहीस, असं विचारलंयस. अरे, जन्मभर एक्सचेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिले. फोनवर कुणी समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत नाही, हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? तू तर लहानपणापासून नाहीच बघत. म्हणून हा कागद.

तू जे विचारलंयस त्याकडे येते. आधी घरातली मोठी बातमी. सूनबाई फ्रेंचच्या परीक्षेत पास झाली.

वाचून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. तर ऐक. तू गेलास त्यानंतर तिच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये परदेशी यंत्रं आली. ती बसवायला जो माणूस आला होता तो फ्रेंचशिवाय बोलेना, आणि यंत्र तर कुणाशीच बोलेना. शेवटी लॅबच्या डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, तिकडच्या कारखान्यात वर्षभर शिकायला कोण जाईल? मात्र भाषेची परीक्षा द्यावी लागेल. सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले आणि आपल्या सूनबाईने हात वर केला. घरी आली ती चपला न काढताच म्हणाली, "आई, मी काहीतरी वेडेपणा करून बसलेय."

जाताना तू मला म्हणाला होतास, तिच्याशी बोलण्यासारखं काही नसतं. आठवतंय ना? मला आठवतं. आता ती दिवसभर बोलत असते, तेही कुणी समोर नसताना. मेणात दात बसवताना बोलते, प्लॅस्टर कालवताना बोलते, कपडे वाळत घालताना बोलते. सुरुवातीला मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग कळलं की क्रियापदं चालवतेय.

ती चालवणं सोपं नाही रे. आणि मला तोंडातून एक अवाक्षर न काढता नुसतं बघत बसणं कुठलं जमायला? एक दिवस तिनेच पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तुम्हाला ती अक्षरं वाचता येतात. मी म्हणते आणि लिहिते, तुम्ही फक्त शब्दांची शेपटं तपासा." झालं, मी शेपूट तपासनीस झाले. माझा कान अजून एक्सचेंजचाच आहे. ऐकलं की चिकटतं. हळूहळू अर्थही चिकटायला लागला.

तरी एक प्रकरण आलं आणि आम्ही दोघी अडलो. घडून गेलेली गोष्ट असते, पण ती नुसती सांगायची नसते. तिच्याबद्दल आपल्याला काय वाटतं ते आधी म्हणायचं. आनंद, दुःख, भीती, शंका, जे असेल ते. मग ती गोष्ट. आणि मन असं आधी येऊन बसलं की मागच्या क्रियापदाचं रूपच बदलतं. 'तो जेवला' हे वेगळं आणि 'तो जेवला याचं मला बरं वाटतं' यातलं 'जेवला' वेगळं. शिवाय काही क्रियापदांना एक सोबती, म्हणजे मदतीचं क्रियापद, लागतो आणि जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशांना दुसराच. त्या दुसऱ्याचं तर 'मी', 'तू', 'तो' आणि 'ते', सगळ्यांना कानाला एकच 'स्वा', लिहिताना मात्र तऱ्हा वेगवेगळ्या. वर बाई गेली असेल तर शेवटी एक जास्तीचं अक्षर लिहायचं, जे वाचायचंच नाही! मी म्हटलं, "बाईने जास्तीचं करायचं आणि ते कुणाला ऐकू जायचं नाही, हे त्यांच्याकडेही आहे म्हणायचं." ती इतकी हसली की हातातलं पेन पडलं.

एकदा ती क्लासहून तरातरा आली. म्हणाली, "आई, आज मॅडमनी मजेशीर नियम सांगितला. हे रूप वापरायला दोन माणसं लागतात. मी आले याचा मलाच आनंद झाला, तर हे रूप चालत नाही. मन एकाचं हवं आणि केलेलं दुसऱ्याचं हवं."

"म्हणजे संसारच की," मी म्हटलं.

यावर ती हसली नाही. वहीत खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली.

छोटू, तिची चिकाटी तू पाहायला हवी होतीस. पहिल्या चाचणीत नापास झाली. तिसऱ्या दिवशी चुकलेला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या कपाटांवर चिकटवला. साखरेच्या दारावर 'आलेली असणं', पिठाच्या दारावर 'घेतलेलं असणं'. पाहुणे आले की विचारायचे, हे काय? मी सांगायचे, आमच्याकडे साखर फ्रेंचमध्ये मिळते. माझ्या ओळखीत पुष्कळ हुशार माणसं होऊन गेली. हुशारीचं मला कौतुक नाही. पण चूक झाली की तिच्याकडे पाठ न फिरवता तिला रोज दारावर बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. आणखी लांबवण्यात अर्थ नाही.

तू तिकडे दुसरीबरोबर मांडलेलं घर मोडलं हे वाचून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तू लिहिलंस, 'तिला तू विचार. मी परत आलो तर घेईल का? तुझा शब्द ती मोडणार नाही.' ते पत्र मी उशीखाली ठेवलं आणि विचारायचं रोज उद्यावर टाकत गेले. वाटायचं, परीक्षा होऊ दे, मग बघू.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी आम्ही टेबलाशी बसलो होतो. तिने वाक्यं करायची आणि मी शेपटं बघायची. 'गाडी चुकली असेल अशी मला भीती वाटते.' बरोबर. 'तुम्ही पत्र वाचलं नाही याचं आश्चर्य वाटतं.' बरोबर. हे वाक्य ऐकून मला उशीखालचं तुझं पत्र आठवलं, पण तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. मग तिने पुढचं वाक्य म्हटलं आणि लिहिलं, अगदी सरळ, न अडखळता.

"ज स्वी कोंताँत किल स्वा पार्ती."

तो गेला याचा मला आनंद आहे.

मी पुस्तकावरून बोट उचललं नाही. तिने वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तिचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"आई, तुम्हाला कळलं?"

"कळलं."

"ते... उदाहरण होतं."

"उदाहरण चांगलं आहे. चूक कुठेच नाही."

मग ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "आई, ते गेले तेव्हा मी कशी झाले होते, तुम्ही पाहिलंय. हे वाक्य तेव्हा मला करता आलं नसतं. मागच्या वर्षीही नसतं आलं. आज आलं. तुमच्यासमोर यायला नको होतं, तेवढंच चुकलं."

मी आत गेले, तुझं पत्र आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे म्हणाली. मग म्हणाली, "ते परत आले तर मला राग येणार नाही. पण आनंद होईल, असं मला म्हणवत नाही. तुम्ही सांगितलंत तर मी त्यांना घरात घेईन, आई. तुम्ही सांगू नका."

इतकं स्पष्ट, इतकं मऊ बोलणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि बोलणी ऐकण्यातच माझं आयुष्य गेलं आहे. मी म्हटलं, "नाही सांगणार."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे राहायला जाणार का? ते तुमचे आहेत. मला वाईट वाटणार नाही."

"मला वाटेल," मी म्हटलं. "पुढचं वाक्य घे."

तिने घेतलं.

बाळा, तुझ्या जाण्याचा मला आनंद कधीच होणार नाही, कुठल्याही भाषेत. मी आई आहे. पण तिला झाला, आणि तिचं बरोबर आहे. ही दोन्ही मनं आता या घरात एकाच टेबलाशी बसून चहा पितात, आणि त्यांचं भांडण होत नाही. मला वाटायचं होईल.

तोंडी परीक्षेला म्हणे तीन परीक्षक होते. घरी येऊन पाय सोडून बसली आणि म्हणाली, "आई, तेच रूप मी आपणहून वापरलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं ऐकलं." काय बोललीस, असं मी विचारलं नाही. तिचं ते तिच्यापाशी राहू दे. निकाल आला तेव्हा पोस्टमास्तरांच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी मी ओरडले, ते बिचारे सुरी हातात घेऊनच वर धावले.

पुढच्या महिन्यात ती निघते. तोवर इकडे येऊ नकोस, हे मी सांगतेय, ती नाही. तिचा निरोप वेगळा आहे: वर्षाने आल्यावर भेटायचं असेल तर ती भेटेल, चार गोष्टी बोलेल, पण पुन्हा घर मांडायला नाही. हे पत्र लिहायच्या आधी मी तिला विचारलं, सगळं लिहू का? ती म्हणाली, "लिहा. वाक्य मात्र नीट लिहा, स्पेलिंग चुकवू नका."

ती गेल्यावर तू ये. दार मी उघडेन. तुझ्या खोलीत आता तिचं टेबल आहे, ते हलवायचं नाही, बाहेरच्या खोलीत झोपायचं. सकाळचं दूध तू आणायचंस, जिना मला होत नाही. आणि आल्यावर माझ्याशी बोल. मध्ये न तोडता मी ऐकेन, तूही ऐक.

आशीर्वाद आहेच. त्याला बाजू नसते.

तुझी,
आई