सिनेमातले आठ सेकंद

नवे गावठाण, ता. पवनी
९ जानेवारी २०१९

प्रिय देवाजीस टिकारामचा सप्रेम रामराम.

इकडे सर्व खुशाल. रुखमाचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. लाखनीला मुलाकडे तुला करमत असेल अशी आशा करतो. माझा तंबाखू चालू आहे, पण चुना आता विकत घ्यावा लागतो. चौदा वर्षांनी पत्र कायले, असे तू म्हणशील. बातमीच तशी आहे.

आपले धरणात बुडालेले गाव सिनेमात सापडले.

२००४ साली धान कापून झाल्यावर शूटिंगवाले आले होते, आठवते ना? हिरोईन घाटावर येणार असे भोंग्यावरून सांगून गेले. सारे गाव दुपारभर नदीवर ताटकळले. म्हाताऱ्यासुद्धा पावडर लावून गेल्या होत्या. हिरोईन काही आली नाही. माझी नात गुंजन नागपूरला शिकते, तिने तो सिनेमा पेनड्राइव्हवर आणला तेव्हा उलगडा झाला. त्यांना गाव रिकामे हवे होते. कॅमेरा टेकडीवर होता. त्याला म्हणे एस्टॅब्लिशिंग शॉट म्हणतात. गोष्ट कुठे घडते ते आधी दुरून दाखवायचे, मग घरात शिरायचे. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी बाहेरूनच गोठा आणि तणसाचा ढीग बघून घेतात, तसेच. पुढे घर मुंबईचे आहे, गाव तेवढे आपले.

सगळे मिळून आठ सेकंद. सरपंच धनीरामच्या टीव्हीवर लोक तेवढेच बघतात आणि हिरो दिसला की पुन्हा मागे नेतात. हिरोचे पुढे लग्न झाले की नाही, गावात अजून कुणाला माहीत नाही. ललिताबाईला स्वतःचे वाळत घातलेले लुगडे दिसले, ती रडली. मीही थोडा रडलो.

तर त्या रिकाम्या गावात एक माणूस दिसतो. आपल्या दोघांच्या धानाच्या बांध्यांमधल्या, हद्दीच्या धुऱ्यावर वाकलेला, हातात कुदळ. तोंड दिसत नाही. धनीराम म्हणाला, "हा तं देवाजीच होय. सारं गाव हिरोईन पाहाले धावलं, आन हा एकटा राबून राहिला." सगळ्यांनी माना डोलावल्या. सव्वीस जानेवारीला शाल-नारळ देऊन तुझा सत्कार करायचे ठरले आहे. आमंत्रण येईलच. तुझ्या कष्टांवर भाषण मी करायचे, कारण तुला मी सर्वांत जास्त ओळखतो म्हणे.

तीनदा लिहायला बसलो. चौथ्यांदा रुखमा म्हणाली, "कमरेवर हात ठेवून उठाची ते रीत तुमचीच होय. मारुतीपुढं खोटी शपथ काहून घेतली जी?"

देवाजी, तो मी आहे. तुला हे तेव्हापासूनच माहीत आहे. हातभर धुरा मी माझ्या बाजूने कोरला आणि माती तुझ्या बांधीत लोटली. दुसऱ्या दिवशी तू विचारलेस, "धुरा का आपोआप सरकला काय बे?" मी मारुतीच्या पायावर हात ठेवून म्हणालो, मी घाटावर होतो. गावाने साक्ष दिली, कारण घाटावर कोण नव्हते ते कुणी पाहिलेच नव्हते. जमीन धरणात जाणार हेही मला ठाऊक होते. बुडणाऱ्या बांधीतला हातभर तुकडा चोरणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

इथे माझ्या शेजारचा प्लॉट तुझा होता. तो सोडून तू गेलास. तिथे बेशरम माजली आहे, उपटायला गेलो की मलाच लाज वाटते. मारुतीही आपल्याबरोबर इकडे आला, पण मी त्याच्या देवळामागून जातो. तुझी फार आठवण येते रे.

धुरा आता पाण्याखाली आहे. डोंग्यात बसून गेले तर तुझी बांधी कोणती आणि माझी कोणती, सांगता येत नाही. टीव्हीवर मात्र मी तो रोज कोरतो आणि लोक तुझ्या नावाने टाळ्या वाजवतात.

सव्वीसला ये. तू समोर बसलास तर मी खरे बोलेन. नाही आलास तर पुन्हा खोटे बोलेन, मी मला ओळखतो. शाल तुझीच राहील, तेवढे धनीरामला सांगून ठेवतो. मग पारावर बसू. तंबाखू मी आणतो, चुना तुझ्याकडचा.

घाटावर नसलेला,
टिकाराम